जाळी कितीची लावू? स्क्रीन प्रिंटिंगच्या मेशबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढ सरत आला की गणेश मंडळांचे आणि ढोल-ताशा पथकांचे टी-शर्ट, तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिका. आमच्या कामाचं वर्ष असं दोन हंगामांत विभागलेलं आहे, आणि दोन्ही हंगामांत नवीन मुलांचे फोन येतात ते एकाच प्रश्नासाठी : "दादा, जाळी कितीची लावू?" तीच ती उत्तरं इथे एकदा लिहून ठेवली आहेत. जाळी (मेश) म्हणजे फ्रेमवर ताणलेलं बारीक विणीचं कापड. तिच्यावर इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, लावतात, फिल्मवरचं डिझाइन उजेडाने त्यात उतरवतात (एक्सपोज), आणि मोकळ्या राहिलेल्या भोकांतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई ओढतात. अशी एक ओढ म्हणजे एक 'हात'. ही माहिती टेबलावर हाताने छापणाऱ्यांसाठी आहे. खाली जिथे नुसता आकडा आहे, तिथे तो एका सेंटीमीटरातल्या धाग्यांचा समजा. इंचाचा असेल तिथे 'इंची' असं लिहिलं आहे.

जाळीचा नंबर म्हणजे नेमकं काय?

ठरावीक लांबीत किती धागे आहेत, तो आकडा. भानगड अशी की मोजायची मापं दोन आहेत. युरोपातली पद्धत सेंटीमीटरची, अमेरिकेतली इंचाची, आणि आपल्या बाजारात दोन्ही एकाच कपाटात शेजारी शेजारी असतात. सेंटीमीटरच्या आकड्याला २.५४ ने गुणलं की इंची आकडा मिळतो. ३२ म्हणजे इंची ८०, ४३ म्हणजे ११०, ६१ म्हणजे १५५, ७७ म्हणजे १९५, ९० म्हणजे २३०, १०० म्हणजे २५४, १२० म्हणजे ३०५ आणि १४० म्हणजे ३५५. दोन-चार धागे इकडेतिकडे धरून चाला. कॅटलॉगमध्ये ११० आणि १०९ अशा दोन आकड्यांनी एकच जाळी दिसते.

आकड्यामागे 'टी' लागला असेल, उदाहरणार्थ ४३टी किंवा १२०टी, तर तो बहुतेक वेळा सेंटीमीटरचाच असतो. हा 'टी' मुळात धाग्याच्या जाडीसाठी होता : 'एस' म्हणजे बारीक धागा, 'टी' म्हणजे मध्यम, 'एचडी' म्हणजे जाड. आता दुकानात त्याचा अर्थ "सेंटीमीटरवाली" एवढाच उरला आहे.

दुकानात नुसतं "एकशेवीस द्या" म्हटलं तर चालेल का?

मी म्हटलं होतं. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. तीनशे पत्रिकांची ऑर्डर, क्रीम रंगाचं कार्ड, मरून शाई. नवी जाळी हवी होती म्हणून गेलो, "एकशेवीस द्या" म्हणालो, त्यांनी दोन मीटर कापून दिली. मनात होती १२० सेंटीमीटरची आणि मिळाली इंची १२०, म्हणजे सेंटीमीटरला जेमतेम ४७ धागे. पहिलंच कार्ड काढलं तर 'ज्येष्ठ' मधल्या 'ष्ठ'चा नुसता गोळा. वाटलं शाई पातळ झाली. दाट केली. मग वाटलं डबाच खराब आहे, तो बदलला. स्क्वीजीला धार लावली. ऐंशी-नव्वद कार्डं होईपर्यंत गठ्ठ्यातल्या प्रत्येक कार्डाच्या पाठीवर वरच्या कार्डाचा… नव्हे, खालच्या कार्डाचा मरून डाग उमटला होता, कारण थर इतका जाड बसत होता की शाई सुकेचना. संध्याकाळी शेजारच्या कापडवाल्याकडून धागे मोजायचं भिंग आणलं तेव्हा उलगडा झाला. दुकानदाराची चूक नव्हती, त्यांच्याकडे एकशेवीस म्हणजे तीच. पत्रिका पुन्हा छापल्या, खर्च माझा.

तेव्हापासून "सेंटीमीटरची एकशेवीस, इंची तीनशे पाच" असं दोन्ही आकडे बोलून मागतो. समोरचा हसतो, हसू दे.

नंबर जेवढा मोठा तेवढी छपाई चांगली, हे खरं ना?

नाही. नंबर वाढला की भोक लहान होतं, बारीक रेघ निघते, पण शाई कमी पडते. कमी किती, ते एकदा समजून घेतलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

सेंटीमीटरला ४३ धागे म्हणजे दोन धाग्यांच्या मध्यांमधलं अंतर साधारण २३२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला धागा ८० मायक्रॉनचा असला तर भोक उरतं १५० च्या आसपास. १२० च्या जाळीत हे अंतर ८३ मायक्रॉन, धागा ३४ चा, भोक ४५ ते ४९. विणताना धागा थोडा चपटा होतो, म्हणून कंपनीच्या तक्त्यातलं भोक कागदावरच्या गणितापेक्षा किंचित लहान असतं.

आता शाईचा हिशोब. तक्त्यात एका चौरस मीटरला किती घन सेंटीमीटर शाई जाळीत मावते, ते दिलेलं असतं. ४३ ला ते पन्नासच्या जरा वर, १२० ला सोळा-सतरा. एक चौरस मीटरवर एक घन सेंटीमीटर शाई पसरली की थर बरोबर एक मायक्रॉनचा होतो, म्हणून हाच आकडा ओल्या थराची जाडी म्हणूनही वाचता येतो. म्हणजे ४३ ची जाळी १२० च्या तिप्पट जाड थर देते. छातीवर १२ बाय १४ इंचाचं डिझाइन असेल आणि त्यातली निम्मी जागा भरीव असेल, तर एका हाताला ४३ मधून अंदाजे तीन मिली शाई जाते, १२० मधून एक मिलीही नाही. दोनशे टी-शर्टांवर हाच फरक पावणेसहाशे मिली विरुद्ध पावणेदोनशे मिली एवढा होतो. कापड, दाब, हातांची संख्या यांनी आकडा हलतो, पण प्रमाण असंच राहतं. रंग फिका पडतोय की शाई जास्त खपतेय, दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा इथे सापडतं.

मग निवडताना सुरुवात कुठून करायची?

शाईपासून. बहुतेक जण डिझाइनपासून करतात, आणि तिथेच फसतात. आधी विचारा : शाई दाट की पातळ, त्यात चमकी किंवा मोठे कण आहेत का, ती जाळीतच सुकते का? मग कापड किंवा कागद : शाई शोषून घेणारं की वर धरून ठेवणारं, फिकं की गडद? डिझाइन तिसरं. शाई आणि कापड मिळून एक पट्टा ठरवतात, समजा ४३ ते ६१, आणि त्या पट्ट्यात वर जायचं की खाली, एवढंच डिझाइन ठरवतं. डिझाइन त्या पट्ट्यात बसत नसेल तर जाळी ओढूनताणून बदलू नका, डिझाइन जाड करून घ्या. गिऱ्हाईकाला आधी सांगितलं की ते ऐकतं, छापून झाल्यावर सांगितलं की भांडतं.

मंडळाचे काळे टी-शर्ट आहेत, त्यावर पांढरी छपाई. कोणती जाळी?

४३. यावर मी फारसा वाद घालत नाही.

काळ्या सुती कापडावर पांढरा उठतो तो थराच्या जाडीमुळे. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड कितीही चांगलं असो, थर पातळ असला की खालचा काळा डोकावतो आणि पांढऱ्याचा राखाडी होतो. खाडी (पाण्यावर चालणारी दाट, झाकणारी शाई) वापरत असाल तर ३२ ते ४३, प्लास्टिसोल (उष्णतेनेच पिकणारी प्लास्टिकची शाई) असेल तर ४३, आणि पांढरा जरा मऊ, चांगल्या प्रतीचा असेल तर ४८ ते ६१ पर्यंत जाता येतं. एका हातात पूर्ण पांढरा मिळेल ही आशा सोडा. एक हात, फ्लॅशखाली (शर्टावर धरायच्या हीटरखाली) बोट लावलं तर चिकटणार नाही इतपत सुकवणं, मग दुसरा हात. फ्लॅशशिवाय ओल्यावर ओलं छापलं की कडा फुगतात आणि जाळी खालून घाण होते.

नवीन मुलं इथे एक हमखास चूक करतात : पांढरा उठत नाही म्हणून जोर लावतात. जोर लावला की शाई धाग्यांच्या मध्ये घुसते, वर काहीच राहत नाही, पांढरा आणखी मळतो. शाई कापडावर बसायला हवी, कापडात मुरायला नको. आधी जाळी शाईने भरून घ्या, फ्रेम किंचित वर धरून, दाब न देता. मग एकच हात, स्क्वीजी उभी ठेवून, कापडाला शाई फक्त सोडायची आहे एवढ्याच जोराने.

पांढऱ्यावर रंग चढवायचे असतील, म्हणजे भगवा, पिवळा, लाल, तर खालचा पांढरा ४३ ते ६१ आणि वरचे रंग ७७ किंवा ९०. वरचे रंगही ४३ मधूनच काढले की छातीवर पापड चिकटवल्यासारखं होतं. मिरवणुकीत सहा तास ढोल वाजवणाऱ्या पोराला त्या पापडाखाली किती घाम येतो, हे त्यालाच विचारा. पुढच्या वर्षी ते पथक दुसरीकडे जातं आणि कारण सांगत नाही.

आणखी एक. हल्ली पथकांना सुतीऐवजी पॉलिएस्टरचा 'ड्राय-फिट' हवा असतो. मरून किंवा लाल ड्राय-फिटवर पांढरा छापला आणि दोन दिवसांनी तो गुलाबी झाला, तर जाळीला दोष देऊ नका. कापडातला रंग उष्णतेने शाईत वर येतो. तिथे कमी तापमानाला पिकणारी, रंग अडवणारी शाई लागते. जाळी कितीही बदला, गुलाबी तो गुलाबीच.

पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर पिगमेंट (पाण्यावर चालणारी साधी रंगाची शाई) छापायचंय.

४८ ते ६१. बारीक काम असेल तर ७७. फिक्या कापडावर रंगाला झाकायचं काहीच नसतं, म्हणून पातळ थर पुरतो आणि हाताला मऊ लागतो. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आमच्याकडे कापडी पिशव्यांचं काम वाढलं. जाडंभरडं मांजरपाट शाई पितं, त्याला ४३ ते ४८ लावा.

उन्हाळ्यात जाळी सारखी जाम होते. मोठ्या भोकाची लावू का?

लावून पाहा, फरक पडतो. पाण्यावर चालणारी शाई लहान भोकात लवकर सुकते, म्हणून एप्रिल-मेमध्ये ७७ वरचं काम मी शक्य असेल तर ६१ वर आणतो. पण आधी टेबलावरचा पंखा बंद करा. निम्मे लोक पंख्याच्या वाऱ्यात छापतात आणि शाईला शिव्या देतात. शाईत रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घाला, दोन शर्टांच्या मध्ये जाळी शाईने भरून ठेवा, चहाला जाताना उघडी सोडू नका. प्लास्टिसोल जाळीत सुकत नाही, त्यामुळे त्याला हा प्रश्नच नाही.

पावसाळ्यात उलटं होतं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये इमल्शन वरून सुकल्यासारखं दिसतं, आतून ओलंच असतं. तसंच एक्सपोज केलं की धुताना सोलून निघतं आणि माणूस म्हणतो जाळी वाईट निघाली. ४३ सारख्या जाड जाळीवर इमल्शनचा थर जाड बसतो, म्हणून तिला सुकायला जास्त वेळ द्या. एखाद्या बंद कपाटात साधा बल्ब नको, उजेडाने इमल्शन पिकतं. हीटर किंवा डीह्युमिडिफायर ठेवा.

मराठी मजकूर भरतो, इंग्रजी त्याच साइजचा नीट येतो. असं का?

कारण देवनागरीत एकाच अक्षरात जास्त गर्दी असते. इंग्रजी 'ओ' मध्ये एक मोकळी जागा. आपल्या 'द्ध', 'ष्ठ', 'श्र', 'क्ष' मध्ये दोन-तीन बारीक पोकळ्या, त्यावर शिरोरेघ, त्यावर वेलांटी किंवा रफार, त्यावर अनुस्वार. आठ पॉइंटचं देवनागरी हे छापायला इंग्रजीच्या सहा पॉइंटसारखं वागतं, असं मी धरून चालतो.

ढोबळ हिशोब असा : रेघ किमान दोन धागे आणि त्यांच्यामधलं एक भोक एवढी तरी रुंद हवी. त्याहून बारीक रेघ कुठे धाग्यावर पडते, कुठे भोकावर, आणि करवतीसारखी दातेरी निघते. ४३ ला हे माप ०.३ मिलिमीटरच्या वर जातं, म्हणजे जवळजवळ एक पॉइंट. १२० ला ०.१२ मिलिमीटर. आता तुमच्या फाँटमधली सर्वांत बारीक रेघ मोजा, जाड नव्हे. सुलेखनाच्या वळणाच्या फाँटमध्ये जाड रेघ दोन मिलिमीटरची असते आणि तिचं टोक केसाएवढं. मोजायचं ते टोक.

भरीव रंगात मोकळी अक्षरं सोडायची असतील तर जास्त जपा. तिथे प्रत्येक अनुस्वार म्हणजे इमल्शनचा एकटा ठिपका. त्याला धरून ठेवायला धागे हवेत. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका ४३ वर दोन धाग्यांना धरून लटकतो, धुताना पाण्याचा जोर लागला की गेला. १२० वर तोच सहा धाग्यांवर बसतो. आणि अनुस्वार उडाला की 'सौ. कां.' चं 'सौ. का.' होतं, मग मुलीच्या मामांचा फोन येतो. गडद शर्टावर ४३ च वापरायची असेल तर अशी मोकळी अक्षरं १८ पॉइंटच्या खाली घेऊच नका, आणि त्यांना बाहेरून थोडी जाडी द्या, कारण शाई पसरून आत येते.

लग्नपत्रिकेला कोणती?

साध्या रंगाला १२०. सोनेरीला ९० ते १००. कागद फार शाई पीत नाही, मजकूर बारीक असतो, त्यामुळे ४३ किंवा ६१ चा विचारही करू नका. कार्ड खरखरीत, हातकागदासारखं असेल तर १०० वर या, नाहीतर खड्ड्यांत शाई पोचत नाही. शाई पत्रिकेच्या कागदासाठीची, हवेत सुकणारी, आणि थिनर हळू उडणारं घ्या. १२० वर लवकर उडणारं थिनर घातलं तर पन्नासाव्या कार्डापासून नावं पुसट व्हायला लागतात.

सोनेरी, चंदेरी, चमकी यांचं काय?

इथे नियम एकच : भोक कणाच्या निदान तिप्पट असावं. कण भोकाएवढाच असला तर दोन-तीन कण एकत्र आले की भोक बंद. बारीक पावडरीची सोनेरी शाई ७७ ते १०० मधून आरामात जाते. खरी चमकी वेगळी. २०० मायक्रॉनचा चमकीचा तुकडा असेल तर भोक ६०० मायक्रॉनचं हवं, आणि ते इंची २४ सारख्या, जवळजवळ गाळणीसारख्या जाळीतच मिळतं. १०० मायक्रॉनच्या चमकीला इंची ४० चालते. चमकीच्या डब्यावर कणाचं माप नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि त्यालाही माहीत नसेल तर आधी पाव किलोच घ्या.

फुगणाऱ्या पफ शाईला ३२ ते ४३. फॉइलच्या गोंदाला ४३ ते ६१.

फोटो छापायचाय, म्हणजे हाफटोन, लहानमोठ्या ठिपक्यांतलं चित्र. त्याला?

आधी किती एलपीआयवर (एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी) फिल्म काढणार ते ठरवा. एलपीआयला चार किंवा पाचने गुणा, येईल तो इंची नंबर. टी-शर्टवर ४५ एलपीआय सर्रास चालतं. चारने १८०, पाचने २२५, म्हणजे ७७ किंवा ९० ची जाळी. ५५ एलपीआयला २२० ते २७५, म्हणजे ९० ते १००. हाताच्या टेबलावर ५५ च्या वर जाण्यात मला अर्थ दिसत नाही. शिवजयंतीच्या शर्टवर महाराजांचं चित्र ३५ एलपीआयने, ठळक ठिपक्यांत छापलेलं हातभर लांबून जास्त जिवंत दिसतं.

ठिपके आणि धागे यांची रांग एकमेकांवर आडवी आली की लाटांसारखी नक्षी उमटते. मॉयरे म्हणतात त्याला. एकरंगी काम असेल तर ठिपक्यांचा कोन २२.५ अंश ठेवा, बहुतेक वेळा सुटका होते. तरी छापण्याआधी एक करा : ताणलेली कोरी जाळी खिडकीपाशी उजेडात धरा, फिल्म तिच्यावर ठेवा आणि हळूहळू फिरवा. एका कोनात लाटा दिसतील, थोडं पुढे गेलं की विरतील. विरल्या तिथे फिल्म चिकटवायची. या पाच मिनिटांनी माझ्या कितीतरी फ्रेम वाचल्या आहेत.

एकाच नंबरच्या दोन जाळ्या, भावात बराच फरक. कोणती घेऊ?

धाग्याची जाडी विचारा. पेटीवर '१२०-३४' आणि '१२०-३१' असं असतं, दुसरा आकडा धाग्याचा, मायक्रॉनमध्ये. धागे तेवढेच, पण ३१ चा धागा बारीक म्हणून भोक मोठं : ३४ ला मोकळी जागा तीस टक्क्यांच्या आसपास, ३१ ला पस्तीसच्या. तीच बारीक रेघ, शाई जास्त, जोर कमी. ७७-५५ आणि ७७-४८ मध्ये तर फरक हाताला जाणवतो. बारीक धागा लवकर फाटतो, हे मात्र खरं. स्क्वीजीच्या कोपऱ्याला कंगोरा असला किंवा टेबलावर टाचणी राहिली तर गेलीच. शिकाऊ हात असतील तर जाड धागा, सरावलेले हात असतील तर बारीक. ज्या जाळीवर धाग्याचा आकडाच नाही आणि दुकानदार "सगळं सेमच असतं" म्हणतो, ती मी घेत नाही.

पिवळी जाळी की पांढरी?

७७ च्या वर पिवळी. पांढऱ्या धाग्यातून एक्सपोजचा उजेड आडवा पसरतो आणि फिल्मच्या काळ्या भागाखाली शिरून रेघ बारीक करतो. पिवळा धागा तो उजेड गिळतो, कडा धारदार येते. बदल्यात वेळ जास्त लागतो, पांढरीच्या दीडपट ते दुप्पट. उन्हात काच ठेवून एक्सपोज करणाऱ्यांनी पिवळी लावली आणि वेळ तोच ठेवला, की धुताना सगळं वाहून जातं. ४३ ला पांढरी पुरते.

जाळी बरोबर निवडली, तरी छपाई धूसर येते.

ताण तपासा. लाकडी फ्रेमवर हाताने ओढून पिना मारलेली जाळी नवी असतानाच ढिली असते, आणि महिन्याभरात झोळी होते. ढिली जाळी स्क्वीजीबरोबर पुढे सरकते, अक्षर दुहेरी दिसतं, दुसरा हात पहिल्यावर बसत नाही. सेंटीमीटरला २० ते २५ न्यूटनवर ताणून चिकटवलेली अॅल्युमिनियमची फ्रेम महाग पडते, पण माझ्या मते जाळीच्या नंबरावर डोकं खपवण्याआधी पैसे इथे घालावेत. ढिल्या १२० पेक्षा ताठ ७७ बारीक रेघ चांगली काढते.

मग फ्रेम आणि कापड यांतली फट : कापडाला दोन-तीन मिलिमीटर, कागदाला त्याहून थोडी जास्त चालेल. फट नसली की जाळी कापडाला चिकटून राहते आणि उचलताना कड पसरते. स्क्वीजीचं रबर कापडाला ६० ते ७०, कागदाला ७० ते ८० शोअर (रबराच्या कडकपणाचं माप). मऊ रबर शाई जास्त सोडतं.

नायलॉनची, स्टीलची जाळी कधी?

बाटलीसारख्या गोल वस्तूवर छापायचं असेल तर नायलॉन, कारण तिला लवचीकपणा असतो. सपाट कामाला नको, ओली झाली की सैलावते. स्टील आपल्या टेबलाचं काम नाही. सोलर सेलवर त्या बारीक चंदेरी रेघा दिसतात ना, त्याही स्क्रीन प्रिंटिंगनेच छापतात, स्टीलच्या जाळीतून. कधी गच्चीवरचं पॅनल पुसाल तेव्हा जवळून बघा.

जुन्या फ्रेमवर नंबर लिहिलेला नाही. कसा ओळखू?

कापडवाल्यांचं पीक ग्लास घ्या, त्याच्या एक सेंटीमीटरच्या खिडकीत धागे मोजा. ६१ पर्यंत डोळ्यांनी जमतं. पुढे अर्ध्या सेंटीमीटरचे मोजून दुप्पट करा, किंवा जाळी पट्टीवर ठेवून मोबाइलने जवळून फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून मोजा. मोजला की लगेच फ्रेमच्या बाजूला मार्करने लिहा : नंबर, धागा, ताणल्याची तारीख. आमच्याकडे फ्रेमच्या कडेला रंगाची पट्टी आहे, ४३ ला लाल, ७७ ला हिरवी, १२० ला निळी. शिकाऊ मुलगा नंबर विसरतो, रंग विसरत नाही.

नवीन सुरुवात करतोय. कोणकोणत्या जाळ्या घेऊन ठेवू?

४३, ७७, १२०. पहिलं वर्षभर एवढ्याच. प्रत्येकीच्या दोन फ्रेम. गडद शर्ट, पिशव्या ४३ वर. फिके शर्ट, वरचे रंग, हाफटोन ७७ वर. कागद, स्टिकर १२० वर. मधले नंबर नंतर, जेव्हा तुम्हालाच वाटेल की ४३ जाड पडतेय आणि ७७ पातळ. आठ नंबरच्या आठ फ्रेम आणून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. एकाही जाळीचा हात त्यांना बसत नाही, कारण प्रत्येकीचं एक्सपोज वेगळं, शाईचा दाटपणा वेगळा.

जाळी किती वेळा वापरता येते?

नीट धुतली तर पुष्कळदा. फाटते ती छपाईत कमी, धुण्यात जास्त. शाई त्याच दिवशी काढा, इमल्शन काढायला त्याचं स्ट्रिपर वापरा आणि ते जाळीवर वाळू देऊ नका, वाळलं की इमल्शन कायमचं घट्ट बसतं. जुन्या डिझाइनची सावली काढायला काही जण कॉस्टिकचं कडक पाणी रात्रभर ठेवतात. पॉलिएस्टरचा धागा कॉस्टिकने झिजतो, आणि १२० चा ३४ मायक्रॉनचा धागा झिजायला फार काही लागत नाही. ती जाळी पुढच्या वेळी ताणातच सुटते. सावली फिकी असेल आणि उजेडात धरल्यावर भोकं मोकळी दिसत असतील तर ती तशीच राहू द्या, छपाईत येत नाही. डायक्रोमेटचं सेन्सिटायझर (इमल्शन उजेडाने घट्ट व्हावं म्हणून त्यात मिसळतात ते रसायन) वापरत असाल तर हातमोजे घाला, ते विषारी असतं, आणि उरलेलं मोरीत ओतू नका.